संगणकाचा परिवेश आणि मराठी मजकूर

१. प्रश्नाचे स्वरूप

काल, काळ, कावळा आणि काहिली हे चार शब्द नांदेड परिसरातील एका शब्दसूचीत आहेत आणि लातूर परिसरातील दुसऱ्या सूचीतही तेच चार शब्द आहेत, असे समजावे. दोन्ही सूची आपापल्या ठिकाणच्या संगणकावर अकारविल्हे लावल्या गेल्या. नांदेडच्या संगणकाने काल, काळ, कावळा, काहिली असा क्रम दिला; लातूरच्या संगणकाने काल, कावळा, काहिली, काळ असा दिला. पुढे दोन्ही सूची एकत्र आणून, क्रमाने लावलेल्या फाइलींची तुलना करणाऱ्या 'कॉम' या परिचित युनिक्स प्रोग्रामकडे सोपविल्या. निष्कर्ष असा मिळतो की, काल, कावळा आणि काहिली हे शब्द उभय परिसरांत सामाईक आहेत, 'काळ' हा शब्द केवळ नांदेडात आहे आणि 'काळ' हाच शब्द केवळ लातुरातही आहे.

चार शब्दांच्या सूचीत हा विसंवाद कोणाच्याही ध्यानात येईल. चार हजार शब्दांच्या सूचीत तो येणार नाही, आणि एखादा सामान्य शब्द विशिष्ट बोलीचे लक्षण म्हणून प्रबंधात नोंदविला जाईल. प्रोग्रामच्या काही आवृत्त्या सूची क्रमाने नसल्याची सूचना देतात हे खरे. परंतु ती सूचना पडद्यावर येऊन जाते आणि चुकीची निष्पत्ती फाइलीत राहते.

येथे शब्द चुकलेले नाहीत, प्रोग्राम सदोष नाही आणि दिलेली आज्ञाही दोन्ही ठिकाणी अक्षरशः एकच होती. भेद उत्पन्न झाला तो प्रोग्राम ज्या परिस्थितीत चालला तिच्यामुळे. या परिस्थितीचे घटक इंग्रजीत एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल या नावाने ओळखले जातात; प्रस्तुत लेखात त्यांस परिवेशचले असे म्हटले आहे. त्यांचे स्वरूप काय, ती कशी संक्रमित होतात आणि मराठी मजकुराचा अभ्यास करणाऱ्याने त्यांची व्यवस्था कशी ठेवावी, एवढाच येथील विवेचनाचा विषय आहे.

२. परिवेशचल म्हणजे काय

'परिवेश' ही संज्ञा भाषाविज्ञानास नवी नाही. 'घरचा' आणि 'घरची' या दोन रूपांत लिहिलेला वर्ण एकच आहे. पण पहिल्यातील 'च' दंततालव्य उच्चारला जातो व दुसऱ्यातील तालव्य. लिपी हा भेद दाखवीत नाही. पुढील स्वराच्या परिवेशावरून वाचक तो जाणतो. प्रोग्रामचेही असेच आहे. आज्ञेत जे लिहिलेले नसते ते तो आपल्या परिवेशातून घेतो.

हा परिवेश म्हणजे नाव व किंमत अशा जोड्यांची एक साधी यादी होय. प्रत्येक प्रोग्राम सुरू होताना कार्यप्रणाली ती यादी त्याच्या हाती देते. नाव आणि किंमत ही दोन्ही केवळ मजकूररूप असतात व त्यांच्यामध्ये बरोबरीचे चिन्ह असते. 'होम' या चलाची किंमत म्हणजे वापरकर्त्याच्या घरफोल्डराचा पत्ता. 'टेम्प' म्हणजे तात्पुरत्या फाइली ठेवण्याची जागा. 'टीझेड' म्हणजे कालविभाग. ही नावे येथे देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर ती रोमन मोठ्या अक्षरांत लिहावयाची असतात. लिनक्समध्ये लहान व मोठे अक्षर यांत भेद मानला जातो, विंडोजमध्ये चलाच्या नावापुरता तो मानला जात नाही.

ही योजना युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, म्हणजे १९७९ साली, बेल प्रयोगशाळेत रूढ झाली. वैयक्तिक संगणकावर ती १९८३ च्या डॉस २.० या आवृत्तीबरोबर आली आणि तेथून विंडोजमध्ये उतरली. आज लिनक्स, मॅक आणि विंडोज या तिन्ही प्रणालींत ती मूलतः त्याच स्वरूपात टिकून आहे.

३. संक्रमण कसे होते

एक प्रोग्राम दुसऱ्यास सुरू करतो तेव्हा पहिल्याचा परिवेश दुसऱ्याकडे जातो. पाणिनीच्या अष्टाध्यायीशी परिचय असलेल्या वाचकास येथे अनुवृत्तीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. पूर्वसूत्रातील पद पुन्हा न उच्चारता उत्तरसूत्रात चालत येते. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी घातलेला प्रत्ययाचा अधिकार पाचव्या अध्यायाच्या अखेरपर्यंत चालतो. एखादे सूत्र सुटे काढून वाचले तर त्याचा अर्थ अपुरा राहतो. त्याचप्रमाणे एखादी आज्ञा तिच्या परिवेशावाचून सुटी उतरून घेतली, तर तिची निष्पत्ती सांगता येत नाही.

तथापि हे साम्य एका मर्यादेपर्यंतच खरे आहे. नव्या प्रोग्रामास मिळते ती परिवेशाची प्रत होय. त्याने आपल्या प्रतीत केलेला फेरफार मूळ प्रोग्रामकडे परत जात नाही. उलट, मूळ ठिकाणी नंतर केलेला बदल आधीच सुरू झालेल्या प्रोग्रामास कळत नाही. नवशिक्या वापरकर्त्यांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या दोन नियमांत सापडते. विंडोजच्या खिडकीत एखाद्या चलाची किंमत बदलली, परंतु आधीपासून उघड्या असलेल्या आज्ञापटलावर ती दिसत नाही. कारण त्या आज्ञापटलाकडे जुनी प्रत आहे. ते बंद करून पुन्हा उघडावे लागते. तसेच एका आज्ञापटलावर ठेवलेली किंमत शेजारच्या दुसऱ्या आज्ञापटलास लागू होत नाही, कारण त्या दोहोंत जनक आणि जन्य असा संबंध नाही.

४. 'पाथ' आणि शोधाचा क्रम

सर्वांत अधिक परिचयाचे परिवेशचल म्हणजे 'पाथ'. आज्ञापटलावर 'पायथन' एवढाच शब्द लिहिला असता तो प्रोग्राम कोठे आहे हे संगणकास आपोआप ठाऊक नसते. 'पाथ' मध्ये फोल्डरांची एक क्रमवार यादी असते. विंडोजमध्ये ती अर्धविरामांनी आणि लिनक्समध्ये अपूर्णविरामांनी विभागलेली असते. त्या फोल्डरांत ओळीने शोध घेतला जातो आणि त्या नावाचा जो प्रोग्राम प्रथम सापडेल तो चालविला जातो.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, प्रोग्राम संगणकावर असूनही त्याचा फोल्डर यादीत नसेल, तर अशी आज्ञा अस्तित्वातच नाही असे उत्तर मिळते. दुसरी अधिक महत्त्वाची आहे. एकाच संगणकावर पायथनच्या दोन आवृत्त्या असतील, तर यादीत ज्या आवृत्तीचा फोल्डर आधी आहे तीच चालते आणि दुसरीविषयी काहीही सांगितले जात नाही. विंडोजमध्ये संपूर्ण यंत्राची 'पाथ' यादी प्रथम येते व वापरकर्त्याची यादी तिच्यामागे जोडली जाते. इतर चलांच्या बाबतीत मात्र वापरकर्त्याने ठेवलेली किंमत यंत्राच्या किमतीवर मात करते. हा अपवाद लक्षात न घेतल्यामुळे पुष्कळांचा गोंधळ होतो.

५. भाषाविषयक चले

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. लिनक्सवर मजकुराची क्रमवारी, अक्षरांचे वर्ग, दिनांकाची मांडणी इत्यादी गोष्टी ज्या नियमसंचावर अवलंबून असतात त्यास लोकेल म्हणतात. मराठीच्या नियमसंचाचे नाव भाषा आणि देश यांच्या संक्षेपांनी बनलेले आहे: 'एमआर_आयएन'. कोणता नियमसंच लागू करावयाचा हे परिवेशचले ठरवितात. 'लँग' हे सामान्य चल होय. 'एलसी_कोलेट' हे केवळ क्रमवारीचे, 'एलसी_सीटाइप' हे अक्षरांच्या ओळखीचे चल आहे. 'एलसी_ऑल' या चलास किंमत दिलेली असेल तर ती सर्वांवर मात करते. ती नसेल तर त्या त्या विषयाचे स्वतंत्र चल पाहिले जाते. तेही नसेल तर 'लँग'. उत्सर्ग आणि अपवाद यांची व्यवस्था जाणणाऱ्यास हा क्रम लक्षात ठेवणे जड जाऊ नये.

या चलांची किंमत 'सी' अशी असेल तर भाषेचा विचार सोडून केवळ सांकेतिक क्रमांकांनी शब्द लावले जातात. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्की या १९८८ च्या भारतीय मानकावर आधारलेली आहे आणि ते मानक अनेक भारतीय लिपींना एकच चौकट देण्याच्या हेतूने आखलेले होते. त्या चौकटीत 'ळ' हा 'ल' च्या लगेच नंतर व 'व' च्या आधी येतो. मराठी वर्णमालेत 'ळ' चे स्थान 'ह' च्या नंतर आहे आणि मराठीचा नियमसंच तेच स्थान पाळतो. 'काळ' हा शब्द एका ठिकाणी दुसरा व दुसऱ्या ठिकाणी चौथा आला तो यामुळे.

'ॲ' या वर्णाची कथाही अशीच आहे. हा वर्ण युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत, स्वतंत्रपणे दाखल झाला. त्याचा क्रमांक 'ह' च्याच नव्हे, देवनागरी अंकांच्याही पलीकडे पडतो. परिणामी 'सी' परिवेशात 'ॲ' ने आरंभ होणारे शब्द सूचीच्या अगदी शेवटी जातात. तेच शब्द कोणी 'अ' वर अर्धचंद्र देऊन, म्हणजे दोन चिन्हांनी, लिहिले असतील तर ते 'अ' च्या विभागात 'आ' च्या आधी येतात. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात.

येथे तीन सावधगिरीच्या गोष्टी नमूद करणे अवश्य आहे. मराठीचा नियमसंच संगणकावर बसविलेलाच नसेल, तर चलात त्याचे नाव लिहून उपयोग होत नाही; पुष्कळ प्रोग्राम काही न बोलता 'सी' कडे परततात. यास्तव उपलब्ध नियमसंचांची यादी आधी पाहून घ्यावी. दुसरे असे की, प्रत्येक प्रोग्राम ही चले पाहतोच असे नाही. पायथनची साधी क्रमवारी ती मुळीच पाहत नाही, सांकेतिक क्रमांकांनीच चालते. आणि विंडोज आपले प्रादेशिक नियम या चलांतून न घेता स्वतःच्या मांडणीतून घेते. तिसरे असे की, नियमसंच स्वतःही बदलतात. लिनक्सच्या मूलभूत ग्रंथालयाच्या २.२८ या आवृत्तीत, ऑगस्ट २०१८ मध्ये, क्रमवारीचे नियम मोठ्या प्रमाणावर सुधारले गेले. तेव्हा नियमसंचाचे नाव एक असूनही जुन्या व नव्या यंत्रांवर क्रम भिन्न येणे शक्य आहे.

६. अक्षरसंख्या आणि संकेतन

परिवेशाचा दुसरा परिणाम मोजणीवर होतो. 'नांदेड' या शब्दात किती अक्षरे आहेत? छंदःशास्त्री तीन सांगेल: नां, दे, ड. युनिकोडच्या दृष्टीने त्यात सहा चिन्हे आहेत, कारण काना, अनुस्वार आणि मात्रा यांची गणना स्वतंत्र होते. यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून बाइट अठरा होतात. 'लातूर' या शब्दाचे हेच आकडे अनुक्रमे तीन, पाच आणि पंधरा असे आहेत. लिनक्सवरील शब्दगणना करणाऱ्या प्रोग्रामास 'नांदेड' मधील चिन्हे मोजावयास सांगितली, तर यूटीएफ-८ परिवेशात तो सहा सांगतो आणि 'सी' परिवेशात अठरा सांगतो.

मराठवाड्याच्या भाषिक अभ्यासात ही गोष्ट उपेक्षणीय नाही. या प्रदेशात मराठीबरोबर दख्खनी व उर्दू नांदते. देगलूर-बिलोलीच्या बाजूस तेलुगू आणि उदगीर-निलंग्याच्या बाजूस कन्नड कानी पडते. यूटीएफ-८ मध्ये तेलुगू व कन्नड चिन्हे देवनागरीप्रमाणे तीन बाइटांची, पण उर्दू लिपीतील अक्षरे दोन बाइटांची असतात. बाइट मोजून वाक्यांच्या लांबीची तुलना केली, तर उर्दू लिपीतील मजकूर वास्तवाहून एक-तृतीयांशाने आखूड भासेल, आणि या आखूडपणाचे कारण भाषेत शोधले जाईल.

विंडोजवरील पायथनमध्ये आणखी एक प्रसंग उद्भवतो. फाइल उघडताना संकेतन स्पष्टपणे सांगितले नाही, तर पायथनच्या आजवर प्रचारात असलेल्या बहुतेक आवृत्त्या विंडोजचे जुने संकेतन गृहीत धरतात. इंग्रजी मांडणीच्या यंत्रावर ते बहुधा १२५२ या क्रमांकाचे असते आणि त्यात देवनागरी नाही. अशा वेळी 'नांदेड', 'लातूर', 'उदगीर', 'निलंगा' ही नावे असलेली फाइल निर्विघ्न वाचली जाते; मात्र प्रत्येक चिन्हाच्या जागी तीन निरर्थक रोमन चिन्हे हाती येतात. यादीत 'मुखेड' आले की प्रोग्राम थांबतो. कारण ऱ्हस्व उकाराच्या तीन बाइटांपैकी शेवटच्यास त्या जुन्या संकेतनात कोणतेही स्थान नाही. हलन्त चिन्ह, 'ए', 'ऐ' आणि 'झ' यांचीही तीच गत होते. अभ्यासकास त्रास वाटतो तो 'मुखेड' पाशी थांबल्याचा. वस्तुतः त्या थांबण्याचे आभार मानले पाहिजेत. खरी हानी 'नांदेड' आणि 'लातूर' निमूटपणे विद्रूप झाले त्यात आहे. पायथनच्या ३.७ या आवृत्तीपासून 'पायथनयूटीएफ८' नावाचे परिवेशचल उपलब्ध आहे. त्यास '१' ही किंमत दिली असता हे गृहीत बदलून यूटीएफ-८ होते. याहून उत्तम मार्ग म्हणजे फाइल उघडताना प्रत्येक वेळी संकेतन नावाने सांगणे, कारण ती सूचना प्रोग्रामबरोबर प्रवास करते आणि परिवेशचल मागे राहते.

७. व्यवस्थापनाची रीत

बदल करण्यापूर्वी वाचन करावे, हा पहिला नियम. लिनक्सवर 'प्रिंटएन्व्ह' व विंडोजच्या आज्ञापटलावर 'सेट' ही आज्ञा संपूर्ण परिवेश दाखविते. भाषाविषयक चलांची चालू स्थिती लिनक्सवर 'लोकेल' या आज्ञेने कळते.

दुसरा नियम असा की, बदलाची व्याप्ती शक्य तितकी लहान ठेवावी. लिनक्सवर चलाची किंमत आज्ञेच्या आधी, त्याच ओळीत लिहिली तर ती त्या एका आज्ञेपुरतीच लागू होते. 'एक्सपोर्ट' ने ठेवलेली किंमत ते आज्ञापटल बंद होईपर्यंत टिकते. कायमची किंमत हवी असल्यास घरफोल्डरातील प्रोफाइल फाइलीत लिहावी लागते. विंडोजवर 'सेट' ने ठेवलेली किंमत तात्पुरती असते. कायमच्या किमतीसाठी प्रणालीच्या प्रगत मांडणीतील एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स ही खिडकी आहे. तेथे वापरकर्त्याचा आणि संपूर्ण यंत्राचा असे दोन विभाग दिसतात. सामाईक प्रयोगशाळेतील संगणकावर स्वतःच्या विभागापलीकडे जाऊ नये.

'पाथ' ला हात लावताना विशेष जपावे. नवा फोल्डर जुन्या यादीस जोडावयाचा असतो. जुनी यादी पुसून नवी लिहिली तर नित्याच्या आज्ञाही सापडेनाशा होतात. विंडोजवरील 'सेटएक्स' ही आज्ञा १०२४ वर्णांपलीकडील मजकूर छाटून टाकते, म्हणून लांब 'पाथ' यादीसाठी ती वापरू नये. जुनी किंमत एखाद्या साध्या फाइलीत आधी उतरून ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

गुप्त किल्ल्यांविषयीही एक शब्द सांगणे उचित. बाहेरील सेवांचे परवलीचे शब्द प्रोग्रामच्या मजकुरात न लिहिता परिवेशचलांत ठेवण्याची प्रथा आहे. प्रोग्राम इतरांस देताना गुपित सोबत जात नाही, हा तिचा लाभ. परंतु तो परिवेश त्यातून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामाकडे जातो. तेव्हा परिवेश म्हणजे तिजोरी नव्हे. साहाय्य मागताना संपूर्ण परिवेश छापून कोणास पाठवू नये.

८. संशोधनातील नोंद

हैदराबाद संस्थानातील जुन्या दफ्तरांत फसली सन आढळतो. त्यात ५९० मिळविले म्हणजे इसवी सनाचे जवळपासचे वर्ष मिळते. १३५८ फसली म्हणजे १९४८-४९. कागदावर केवळ १३५८ हा आकडा असता तर तो हिजरी, शक की फसली हे ठरविण्यास वाचकाला इतर पुरावा धुंडाळावा लागला असता. 'फसली' हा एक शब्द लिहिलेला असल्यामुळे तो आकडा आजही वाचता येतो. लिहिणाऱ्या कारकुनास तो सन नित्याचा होता, तरीही त्याने तो नावाने लिहिला.

संगणकीय निष्पत्तीस अशाच एका शब्दाची गरज असते. शब्दसूची, वारंवारता-कोष्टक किंवा बोलींची तुलना प्रसिद्ध करताना कार्यप्रणाली आणि प्रोग्राम यांच्या आवृत्त्या, लागू असलेला नियमसंच आणि मजकुराचे संकेतन एवढी माहिती दोन ओळींत देता येते. कार्याच्या मधल्या टप्प्यांवर, म्हणजे सूची जुळविताना व ताडून पाहताना, सर्व यंत्रांवर 'एलसी_ऑल' ची किंमत 'सी' ठेवणे श्रेयस्कर. कारण तो क्रम मराठीचा नसला तरी सर्वत्र आणि सर्वकाळ एकच राहतो. वाचकाच्या हाती द्यावयाची अंतिम सूची तेवढी मराठी नियमसंचाने लावावी. ही दोन्ही विधाने आज्ञासंचाच्या आरंभीच लिहून ठेवली, तर प्रोग्राम आपला परिवेश स्वतःबरोबर नेतो.

एवढे केले असते तर आरंभीच्या उदाहरणातील 'काळ' हा शब्द दोन्ही सूचींत एकाच स्थानी आला असता आणि नांदेड व लातूर या उभय परिसरांत तो सामाईक आहे, हे सत्य तुलनेतून सरळ बाहेर पडले असते.